चार बोटे रबर

दिवाळी अंक उघडून बसलेल्या गृहस्थाला, चकलीचा पहिला तुकडा तोंडात पडत असताना, कोणी मोटारीच्या चाकांविषयी ऐकवू लागले तर त्याने पान उलटावे हे अगदी स्वाभाविक आहे. तरीही मी ते ऐकवणार आहे. कारण याच दिवाळीत कोणाच्या ना कोणाच्या अंगणात नवी गाडी उभी राहील, तिला झेंडूची माळ पडेल, चाकाखाली लिंबू ठेवले जाईल, आणि मग घरातला एखादा तरुण दोन पावले मागे सरून, मान तिरकी करून म्हणेल, "गाडी झकास आहे, फक्त चाके जरा लहान वाटतात." हे वाक्य ज्या घरात उच्चारले जाईल त्या घरासाठी हा लेख आहे. बाकीच्यांनी खुशाल करंजीकडे वळावे.

माझा अधिकार काय, असे विचाराल तर तो फारसा नाही. मी मॅट्रिक झालो, चित्रकलेचा मास्तर झालो आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. यंत्रशास्त्र मला येत नाही. पण वीस वर्षे फळ्यावर वर्तुळे काढतो आहे, आणि मोटारीचे चाक म्हणजे शेवटी वर्तुळात वर्तुळ, एवढेच. शिवाय आम्ही महाड-पोलादपूरची माणसे. एका बाजूला कशेडीचा घाट, दुसऱ्या बाजूला महाबळेश्वराकडे चढणारा आंबेनळीचा घाट, मधून सावित्री आणि वरून चार महिने पाऊस. रस्ता ही वस्तू काय असते आणि काय नसते, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही.

प्रथम घडले ते सांगतो.

माझा भाचा पुण्याला नोकरी करतो. हुशार, कष्टाळू, निर्व्यसनी. व्यसन एकच, मोटार. त्याने साठवलेल्या पैशांतून एक जुनी, परदेशी बनावटीची, दोन दारांची आणि दोनच माणसांची स्पोर्ट्स कार घेतली. मला त्यात वावगे वाटले नाही. तरुणपणी माणसाने एखादी निरुपयोगी सुंदर गोष्ट घ्यावी. मी त्याच वयात कादंबरी लिहिली होती! पण गाडी घेऊन महिना झाला नाही तोच त्याने तिची मूळ १७ इंची चाके काढली आणि १९ इंची बसवली. गाडी घेऊन तो आला तेव्हा सारी आळी बघायला जमली होती. चाके खरेच देखणी होती. चंदेरी, बारीक आऱ्यांची, आणि त्यांच्याभोवती काजळाची रेघ ओढावी तसा टायरचा पातळ काळा काठ.

मी त्या काठाशी बोटे धरून पाहिली. चार बोटे भरली.

"काय बघता, मामा?" तो म्हणाला.

"रबर बघतोय. एवढेच?"

"त्यालाच तर शान म्हणतात," तो हसून म्हणाला. मीही हसलो. त्या वेळी मला काही कळत नव्हते.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढातली रात्र. माझ्या आईला, म्हणजे त्याच्या आजीला, एकाएकी दम लागला. मी तिला महाडच्या एका दवाखान्यात आणले आणि पोलादपूरला ताईला फोन केला. भाचा सुट्टीवर आलेला होता. तो म्हणाला, "मामा, वीस-पंचवीस मिनिटांत पोचतो." अंतर अठरा-वीस किलोमीटरांचे. दोन बैठकांची गाडी, एकीवर तो, एकीवर त्याची आई.

ती पंचवीस मिनिटे दोन तासांची झाली. महामार्गावर एके ठिकाणी डांबर संपते आणि काँक्रीट सुरू होते. तिथे वीतभरही नाही, पण धारदार अशी एक पायरी पावसाच्या पाण्याखाली दडून बसली होती. त्याचा वेग काही फार नव्हता, हे ताईनेच मला सांगितले, आणि ताई मुलासाठीही खोटे बोलत नाही. पुढचे डावे चाक त्या पायरीवर आदळले. टायर कुशीत फाटला आणि रिमला तडा गेला. गाडीत स्टेपनी नव्हतीच. अशा गाड्यांत पुष्कळदा नसते. एक लहान पंप आणि भोक बुजवायच्या चिकट द्रवाची बाटली असते. तिचा उपयोग खिळा घुसल्यावर. कूस फाटल्यावर ती गंगाजलाइतकीच कामाची.

इकडे आई दर थोड्या वेळाने डोळे उघडून विचारत होती, "ती निघाली का?" मी म्हणत होतो, "निघाली." चार वेळा विचारले, चार वेळा सांगितले. पाचव्या वेळी तिने विचारले नाही, तेव्हा मी घाबरलो. शेवटी ताई आली ती एस.टी.ने. मुंबईकडे जाणाऱ्या रातराणीच्या ड्रायव्हरने भर पावसात एक बाई हात करताना पाहून गाडी थांबवली. ज्या पायरीने आमची शान मोडली, तिच्यावरून ती एस.टी. नुसती एकदा हलून पुढे गेली. तिच्या टायरला वीतभर रबर होते.

आई बरी झाली. ती आजही आहे आणि या क्षणी मागच्या दारी अनारशांचे पीठ मळते आहे. म्हणूनच मी हे जरा हसून लिहू शकतो. पण त्या रात्रीनंतर मी हसून सोडून देणे बंद केले आणि या चाकांच्या मागे लागलो. जे उमगले ते असे.

टायरच्या कुशीवर एक आकडा कोरलेला असतो. भाच्याच्या गाडीचा मूळ आकडा २२५/४५ आर १७. यात २२५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा ४५ इतकी कुशीची उंची, म्हणजे सुमारे १०१ मिलिमीटर. आर म्हणजे रेडिअल, आणि १७ म्हणजे आतल्या रिमचा व्यास, इंचांत. एकाच आकड्यात मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापे कोंबणारा गृहस्थ माझ्या वर्गात असता तर मी त्याला बाकावर उभे केले असते! पण ते असो. या हिशेबाने पूर्ण चाकाची उंची भरते ६३४ मिलिमीटर.

आता भाच्याची नवी चाके घ्या, २२५/३५ आर १९. रिम दोन इंचांनी मोठी, आणि कूस ७९ मिलिमीटर. पूर्ण चाकाची उंची ६४० मिलिमीटर. आता विचार करा. १७ चे १९ झाले म्हणून गाव बघायला आला, आणि प्रत्यक्षात चाक वाढले किती? सहा मिलिमीटर. रुपयाच्या तीन-चार नाण्यांच्या जाडीइतके! बाहेरचे वर्तुळ जवळजवळ तेच राहिले. आतले वर्तुळ तेवढे फुगले, आणि दोन वर्तुळांच्या मधली जागा, जिथे हवा राहते, ती आक्रसली. मी कागदावर गणित मांडले तर आतली हवा जवळजवळ पाचव्या हिश्शाने घटलेली निघाली.

वाचकहो, माझे सारे म्हणणे या एका वाक्यात आहे. याला "मोठी चाके" म्हणणे हीच मुळात फसवणूक आहे. चाक मोठे होत नाही. त्यातला धातू मोठा होतो आणि हवा लहान होते. आणि गाडीचे ओझे उचलते ती हवा.

आमच्या आजोबांच्या बैलगाडीचे चाक पुरुषभर नसले तरी छातीला लागे. तुंबा, आरे, पुठ्ठे आणि वरून लोखंडी धाव. ते मोठे का होते? त्यात हवा नव्हती म्हणून. चिखलातून आणि दगडांवरून जायचे तर मोठे वर्तुळच हवे. ते खरेखुरे मोठे चाक. त्यानंतर १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. ते त्याने मुळात बनवले कोणासाठी? आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी, पोराला हादरे बसू नयेत म्हणून. बापाने लेकासाठी चाकात हवा भरली, आणि आजचे लेक पदरचे पैसे देऊन ती हवा काढून घेताहेत. प्रगती म्हणतात ती हीच काय?

कुशीचे काम नीट समजून घ्या. खड्ड्याची धार आली की रबर दबते, हवा दबते आणि धक्का गिळला जातो. कूस पुरेशी उंच असेल तर दबूनही रिम जमिनीपासून दूर राहते. कूस तोकडी असेल तर खाली रस्त्याची धार आणि वर रिमचा काठ अशा चिमटीत रबर सापडते, आणि अडकित्त्यात सुपारी सापडावी तसे कातरले जाते. त्या रात्री झाले ते हेच.

दुसरी गोष्ट ओझ्याची. मूळ आकड्याच्या पुढे बहुधा ९१ असते. ही खूण सांगते की तो टायर ६१५ किलो ओझे पेलेल. १९ इंची टायरवर ८८ होते, म्हणजे ५६० किलो, आणि तेसुद्धा हवेचा दाब जास्त ठेवल्यावर. दर चाकामागे ५५ किलोंची ताकद गेली. कोणत्या दुकानदाराने ती खूण गिऱ्हाइकाला वाचून दाखवली आहे? रंग दाखवतात, आऱ्यांची नक्षी दाखवतात, आरशासारखी चकाकी दाखवतात. ओझ्याचा आकडा मात्र ज्याने त्याने वाकून वाचायचा.

आता या मोठ्या चाकांच्या पुजाऱ्यांचे म्हणणे ऐकू या. मी ते भाच्याच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे आणि त्यात थोडे तथ्य आहे हे मी नाकारत नाही.

पहिले म्हणणे, तोकड्या कुशीच्या टायरने वळणावर पकड चांगली मिळते. खरे आहे. तोकडी कूस वळणावर कमी वाकते आणि सुकाणू फिरवताच गाडी लगेच वळते. पण हे गुळगुळीत रस्त्यावर. आंबेनळीच्या घाटात वळणाच्या ऐन पोटात उखडलेली खडी असते. तिच्यावरून जड रिमचे आणि कडक कुशीचे चाक टणाटण उडते. जे चाक हवेत आहे त्याची जमिनीवर पकड ती कसली? आणि जे लोक हौसेने रुंदीही वाढवतात त्यांनी एक ध्यानात ठेवावे. साचलेल्या पाण्यावर अरुंद टायर पाणी कापत जातो, रुंद टायर त्यावर तरंगू पाहतो. होडी रुंद असावी, टायर नव्हे. पावसात खाचांची खोली टायरच्या नक्षीपेक्षा मोलाची असते. मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खाच हवी असा नियमच आहे. आमच्याकडच्या आषाढात तर तेवढ्यावर थांबणेही धाडसाचे.

दुसरे म्हणणे, "मामा, खऱ्या स्पोर्ट्स कारला मोठीच चाके असतात." हे मात्र साफ खोटे. इंग्लंडच्या लोटस कंपनीची एलान ही गाडी १९६२ साली आली. चपळ गाडीचा दाखला म्हणून जाणकार आजही तिचे नाव घेतात. तिची चाके १३ इंची. जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली एमएक्स-५ ही दोन माणसांची उघडी गाडी काढली. जगभर ती लाडकी झाली. तिची चाके १४ इंची. आणि शर्यतींची शर्यत जी फॉर्म्युला वन, तिथे २०२१ सालापर्यंत १३ इंची रिम धावत होती. २०२२ पासून ती १८ इंची झाली. भाचा ही शेवटची ओळ तेवढी ऐकतो. पण त्या बदलामागे रस्त्यावरच्या गाड्यांशी नाते दिसावे हेही एक कारण होते, आणि ती मंडळी घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या वाटेवर धावतात. शिवाय चाक बिघडले तर दोन-तीन सेकंदांत चारही बदलून देणारा माणसांचा ताफा त्यांच्या दिमतीला उभा असतो. पोलादपूरच्या नाक्यावर रात्री अकराला तसा ताफा मी तरी पाहिलेला नाही.

तिसरे म्हणणे, कंपन्याच आता मोठी चाके देतात. देतात, आणि त्याला एक रास्त कारणही आहे. जोरकस गाडीला ब्रेकच्या मोठ्या तबकड्या लागतात आणि त्या आत मावायला रिम मोठी लागते. पण त्यापुढची वाढ दुकानाच्या काचेसाठी असते. तरीही कंपनी निदान त्या चाकाला जुळेल असे स्प्रिंग आणि दांडे बसवून गाडी पारखते. गल्लीतला हौशी फक्त चाक बदलतो; बाकी गाडी बिचारी जुन्या चाकाच्या हिशेबानेच जगत राहते. मग वळणावर पूर्ण सुकाणू फिरवले की टायर मडगार्डला घासतो. बाहेरची उंची सांभाळली नाही तर वेगाचा काटाही खोटे बोलतो. चाक शंभरात पाच भागांनी मोठे झाले तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ ने धावत असते. आणि कंपनीने नोंदवलेल्या मापांबाहेरचा बदल १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाशी भांडण उकरू शकतो, हेही विसरू नये.

चौथे म्हणणे सर्वांत जोरदार. "दोष रस्त्याचा आहे. रस्ता सुधारा, टायरला का बोल लावता?" या मुद्द्यावर मी भाच्याच्या बाजूने मोर्चात चालायला तयार आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले. तेव्हा पहिलीत बसलेली माझ्या शाळेतली मुले मिसरूड फुटून बाहेर पडली, तरी आम्ही पर्यायी रस्त्याचे फलक वाचतोच आहोत. आणि २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल एस.टी. गाड्यांसकट वाहून गेला, तेव्हा कोणत्याही टायरचा कोणाला उपयोग नव्हता. त्या रात्रीचा जाब सरकारलाच विचारायचा. तो आम्ही विचारू, विचारत राहू. परंतु हक्क मागणे वेगळे आणि मागणी मान्य झाली आहे असे समजून गाडी हाकणे वेगळे. छप्पर गळते म्हणून घरमालकाशी भांडावे, पण भांडण मिटेपर्यंत छत्री फेकून देऊ नये. टायरची कूस ही गरिबाची छत्री आहे.

आणि एक साधी गोष्ट, जी कोणत्याही पुस्तकात नाही. दुसऱ्या दिवशी मी फाटलेला टायर घेऊन महाडमधल्या ओळखीच्या टायरवाल्याकडे गेलो. त्याने आकडा वाचला आणि टायर मला परत दिला. म्हणाला, "मास्तर, हे माप आमच्याकडे चालत नाही. चौदा सांगा, पंधरा सांगा, सोळा सांगा, ट्रकचा सांगा, आत्ता चढवून देतो. याला पुण्याहून मागवावे लागेल." टायर तिसऱ्या दिवशी आला. तोवर ती शानदार गाडी एका ढाब्याच्या मागे, एका बाजूला दगडांवर टेकून उभी होती, आणि कोंबड्या तिच्या सावलीला बसत होत्या. जे माप आपल्या तालुक्याच्या गावात मिळत नाही, ते आपले माप नव्हे. दुसरे सारे गणित चुकले तरी ही कसोटी चुकत नाही.

मग निवडावे काय? नुसते भांडून लेख संपवणे मास्तराला शोभत नाही. कंपनीने आपल्या गाडीसाठी जी मापे मान्य केली आहेत ती पुस्तिकेत किंवा दाराच्या चौकटीवर लिहिलेली असतात. त्यातले ब्रेकवर बसू शकेल असे सर्वांत लहान रिमचे माप घ्यावे. भाच्याच्या गाडीचेच उदाहरण. २०५/५५ आर १६ घेतला तर पूर्ण चाकाची उंची ६३२ मिलिमीटर, म्हणजे मूळच्याइतकीच. ओझ्याची खूण बहुधा तीच ९१, ६१५ किलो. आणि कूस ११३ मिलिमीटर, म्हणजे सहा बोटे! टायर स्वस्त, महाडमध्ये हजर, आणि खड्ड्यावर दोन बोटांचे जास्त अभय. स्पोर्ट्स कारचा आत्मा हलकेपणात आहे, चकाकीत नाही. चाकाचे ओझे स्प्रिंगच्या खाली असते. ते जितके हलके तितके चाक जमिनीला बिलगून राहते. म्हणजे गाडी पळवण्याची ज्याला खरी हौस आहे त्यानेसुद्धा लहान रिमच घ्यावी. मोठी रिम घेणारा गाडी पळवण्यासाठी घेत नाही, उभी करून दाखवण्यासाठी घेतो.

इथे मला माझा खरा राग सांगू द्या. राग चाकावर नाही. तो "कसे दिसते" या एका प्रश्नापुढे बाकी सारे प्रश्न गप्प बसवणाऱ्या वृत्तीवर आहे. गाडीत बसणाऱ्याला टायर दिसत नाही. तो दिसतो बाहेर उभ्या असलेल्याला. म्हणजे आपण हादरे खायचे, ते कोणाचे तरी डोळे निवावेत म्हणून. घराला रंग आणि माजघरात ओल, लग्नात मांडव आणि मागे कर्ज, तसेच हे. ज्या माऊलीला त्या बैठकीवर बसून आईकडे जायचे होते, तिला कोणी विचारले होते का, की तुला चंदेरी आऱ्या हव्यात की सहा बोटे रबर?

भाच्याने अखेर १९ इंची चाके काढली. १६ वर मात्र तो आला नाही. कुठून तरी मूळची १७ इंची मिळवली आणि म्हणाला, "मामा, तुमचेही राहिले आणि माझेही." पाच बोटांवर तह झाला. तह म्हटला की दोन्ही बाजूंनी थोडे हरायचे असते, म्हणून मीही गप्प बसलो. तडा गेलेली ती रिम माझ्या पडवीत आहे. आईने तिच्यावर मोगऱ्याची कुंडी ठेवली आहे. दिसते मोठी सुरेख.

तेव्हा या पाडव्याला गाडीला माळ घालाल त्या वेळी एवढे करा. खाली वाका आणि टायरच्या कुशीवर, रिमच्या काठापासून बाहेरपर्यंत, आपली बोटे आडवी धरा. सहा भरली तर गाडीला आणि घेणाऱ्याला दोघांना ओवाळा. पाच भरली तर जपून चालवायला सांगा. आणि चारच भरली, तर ओवाळणीत त्याला दुसरे काही देऊ नका, फक्त विचारा, "तुझ्या शेजारी कोण बसते रे?"